मदत हवी आहे: धमनीच्या आतून चरबीची तपासणी गोव्यात होते का?

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. बाबांच्या (वय ६४) अँजिओग्राफीत एक ब्लॉक ७० टक्के निघाला, दुसरा ४०. डॉक्टर म्हणाले, "मला त्या ४० वाल्याचीच जास्त काळजी आहे." अँजिओग्राफीत रक्ताची वाट किती अरुंद झालीय तेवढंच दिसतं, भिंतीत काय साठलंय ते नाही. आत मऊ चरबी आणि वरचा पापुद्रा पातळ असेल, तर तो फाटून गुठळी होते आणि अटॅक येतो.

त्यांनी एका कॅथेटरबद्दल (धमनीत सरकवायची बारीक नळी) सांगितलं. त्यात निअर-इन्फ्रारेड प्रकाश आणि सोनोग्राफी दोन्ही असतात. चरबीची जागा स्क्रीनवर पिवळी दिसते, बाकी लाल. धमनीच्या ४ मिलिमीटरच्या तुकड्यात चरबीचा आकडा ४०० च्या वर गेला तर धोका जास्त.

बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा गोव्यात कुठे खाजगीत ही तपासणी कोणाच्या घरच्यांची झालीय का? की बेळगाव-मुंबई गाठावी लागेल? त्याऐवजी ओसीटी (प्रकाशाने धमनीचं आतून चित्र काढणारी तपासणी) चालेल का? कॅथेटरचा खर्च दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) बसतो का, हेही कळवा.

बाबा अँजिओग्राफीची सीडी उशाशी घेऊन झोपतात. रात्री उठून मी त्यांचा श्वास बघते. माहिती असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.