अमेरिकेतल्या मावसभावाचा पत्ता लागत नाहीये, तिथल्या पोलिसांना घरी कसं पाठवायचं? मदत हवी आहे

रेवती_क

मंडळी जरा तातडीने मदत हवी आहे. माझा मावसभाऊ अमेरिकेत नोकरीला आहे, वय तिशीतलं, एकटाच राहतो. दर रविवारी मावशीशी व्हिडिओ कॉल ठरलेला असतो, तो या वेळी आला नाही, फोन थेट व्हॉइसमेलवर जातोय, मेसेजला एकच टिक. त्याच्या ऑफिसमधल्या एकाला मी ओळखते, त्याला विचारलं तर म्हणे त्याने नोकरी कधीच सोडली, आणि हे घरात कुणालाच माहीत नाही!! मावशीला मी अजून बोललेले नाही. कुणीतरी म्हणालं की तिथे वेलफेअर चेक असतो, पोलिस घरी जाऊन बघून येतात. हे इथून सांगता येतं का? २४ तास थांबावं लागतं का? आणि आपल्यामुळे तो उगाच कशात अडकणार तर नाही ना?

कोराकागद

सांगता येतं. फक्त इथून ९११ लावू नका, तो तिथे लागणार नाही. तो ज्या शहरात राहतो तिथल्या पोलिस डिपार्टमेंटच्या साइटवर नॉन-इमर्जन्सीचा दहा आकडी नंबर असतो, त्याच्याआधी +१ लावून फोन करा. शहराच्या हद्दीबाहेर घर असेल तर काउंटीच्या (तिथला जिल्हा) शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाकडे. हद्द आधी नीट बघा, नाहीतर इकडून तिकडे टोलवत बसतील.

२४ तासांचं म्हणाल तर ते सिनेमातलं. लहान मुलांच्या बाबतीत तर १९९० च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांना थांबायला लावायची मनाईच आहे, आणि मोठ्या माणसांसाठीसुद्धा एवढे तास थांबलंच पाहिजे असा केंद्रीय नियम नाही. फोनवर कुणी म्हणालंच तर शांतपणे सुपरवायझर मागा.

सुमेधा६४

नुसतं "काळजी वाटतेय हो" म्हणून फोन ठेवू नका, पोलिस येतात, बेल वाजवतात, कोणी उघडलं नाही तर निघून जातात. दार फोडून आत शिरायला त्यांना ठोस कारण लागतं, २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आम्ही लोकांची काळजी घेतो एवढ्या नावाखाली वॉरंटशिवाय घरात घुसता येणार नाही. जिवाला धोका असल्याचं दिसत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ते धोक्याचं कारण तुम्हीच द्यायचं आहे. शेवटचं बोलणं कधी झालं, गाडी कुठली, तब्येतीचं काही आहे का, अशा वेळी तो गप्प राहणारा आहे का नाही, हे सगळं.

जेसी डुगार्डची केस आठवते का कुणाला? १९९१ ला पळवलेली मुलगी, २००९ ला सापडली. मधे २००६ मध्ये पळवणाऱ्याच्या शेजारणीने फोन करून सांगितलं होतं की मागच्या अंगणात तंबू आहेत आणि त्यात माणसं राहतात. शेरीफचा पोलिस (डेप्युटी) आला, पुढच्या दारात त्या माणसाशी बोलला आणि गेला, मागे डोकावलाच नाही! नंतर खात्याला माफी मागावी लागली. टिप चांगली होती हो, चेक अर्धवट झाला.

रेवती_क

बापरे. तब्येतीचं म्हणाल तर त्याला फिट्स येतात, लहानपणापासून गोळ्या चालू आहेत, एरवी ठणठणीत आहे म्हणून लिहिलं नाही.

सुमेधा६४

अगं बाई, हेच तर पहिल्या वाक्यात सांगायचं! एकटा राहतो, फिट्सचा पेशंट आहे, नोकरी गेल्यावर इन्शुरन्स गेला असेल तर गोळ्याही संपल्या असतील. एवढं ऐकल्यावर समोरचा नीट लिहून घेतो बघ. कॉल नंबर, म्हणजे या फोनच्या नोंदीचा नंबर, मागून ठेव, आणि चेक झाल्यावर मला फोन करा असं आवर्जून सांग.

अण्णा_बॅकबेंचर

एक कडू गोष्ट सांगतो, राग मानू नका. पोलिस घरी जाणं दरवेळी निर्धोक नसतं. २०१९ ला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थमध्ये रात्री शेजारच्या घराचं दार उघडं दिसलं म्हणून एकाने नॉन-इमर्जन्सीलाच फोन केला, आणि आलेल्या पोलिसाने खिडकीतून गोळी घातली, आतल्या बाईचा तिच्याच घरात जीव गेला. म्हणून दोन गोष्टी फोनवरच सांगा, त्याच्याकडे शस्त्र नाही (तुम्हाला खात्री असेल तरच), आणि फिट आल्यावर तो गोंधळलेला असतो, सूचना पाळत नाही, ते उद्धटपणा समजू नका. शक्य असेल तर तिथे दिवसा जायला सांगा.

दुसरं म्हणजे तो सज्ञान आहे. सापडला आणि म्हणाला की घरी सांगू नका, तर पोलिस फक्त "सुखरूप आहे" एवढंच सांगतील, पत्ता देणार नाहीत. मावशीला याची आधी कल्पना द्या.

रेवती_क

फोन झाला, पोलिस जाऊन आले. घर बंद, गाडी जागेवर नाही, बिल्डिंगच्या मॅनेजरने सांगितलं की भाडं भरलेलं आहे. त्यांनी मिसिंगची तक्रार घेतली, केस नंबर मिळाला. आता घरातले म्हणतात फेसबुकवर फोटो टाक, टाकू का?

कोराकागद

गाडी नाही ही चांगली टिप आहे, गाडीचा नंबर आणि मॉडेल पोलिसांना द्या, त्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंद झाली की दुसऱ्या राज्यात नुसतं ट्रॅफिकसाठी अडवलं तरी कळतं. नोंद झाली का ते विचारून खात्री करा. भारतीय कॉन्सुलेटलाही कळवा, हॉस्पिटल, जेल यांच्या चौकशीत मदत होते.

सुमेधा६४

फोटो टाका, पण तपास करणाऱ्या ऑफिसरला विचारून. लोकांच्या टिपने माणसं खरंच सापडतात, पळवून नेलेली मुलगी एलिझाबेथ स्मार्ट २००३ मध्ये सापडली ती रस्त्यावरच्या लोकांनी तिला पळवणाऱ्या माणसाला टीव्हीवर बघितलेलं ओळखून फोन केले म्हणून. पण त्यासाठी फोटो अलीकडचा हवा, दाढी असेल तर दाढीचा. लग्नातला कुर्त्यातला फोटो टाकला तर समोरून गेला तरी कोणी ओळखणार नाही. पोस्टमध्ये स्वतःचा नंबर नाही, पोलिसांचाच द्या, आणि एखादी खूण, व्रण किंवा टॅटू, लिहू नका, मागे ठेवा. कारण उद्या तुम्हाला फोन येणारच, "तो आमच्याकडे आहे, पैसे पाठवा". तेव्हा विचारायचं, व्रण कुठे आहे? जो सांगू शकत नाही त्याचा नंबर सरळ ऑफिसरकडे. "एअरपोर्टवर पाहिल्यासारखा वाटला" अशा कमेंट पण येतील, वैतागू नका, त्यांना फक्त कधी, कुठे, कपडे काय, बरोबर कोण एवढं विचारा आणि स्क्रीनशॉट काढून पुढे द्या, स्वतः शोधत बसू नका.

रेवती_क

दाढीचा फोटो आहे, मागच्या महिन्यातला, त्यानेच पाठवलेला. ऑफिसरला आत्ताच मेल करते. मावशीला संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन सांगणार आहे, फोनवर नको वाटतं. काही कळलं की इथे लिहीन.