ग्रीनवर पाऊल ठेवण्याआधी काय शिकावे? गोल्फचे शिष्टाचार, नियम आणि शरीराची तयारी यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

उद्यमनगरकर यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. माझे वय ४८ असून कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे. दीड वर्षापूर्वी एका जुन्या ग्राहकाच्या आग्रहाने मी गोल्फ खेळायला लागलो आणि तेव्हापासून या खेळाने मला धरून ठेवले आहे. शेतावर सिमेंटच्या कट्ट्यावर मॅट अंथरून समोर जाळी बांधून घेतली आहे. तेथे आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव करतो आणि महिना-दीड महिन्यातून एकदा पुण्याला किंवा बेळगावला जाऊन अठरा होलची (टप्प्यांची) पूर्ण फेरी खेळतो. फटका आता बऱ्यापैकी सरळ जातो. मात्र जाळीसमोर एकट्याने शिकल्यामुळे चारचौघांत कसे खेळावे हे शिकायचे राहून गेले, आणि त्याची जाणीव गेल्या महिन्यात बाहेरगावच्या एका स्पर्धेत तीव्रतेने झाली.

त्या दिवशी माझ्या हातून तीन चुका झाल्या. एका ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, झेंड्याजवळ उभा असताना माझ्या गटातील एक ज्येष्ठ खेळाडू पटर (ग्रीनवर चेंडू ढकलण्याची काठी) हातात धरून थांबले आणि माझ्या बुटांकडे पाहत शांतपणे म्हणाले, "आपण माझ्या रेषेवर उभे आहात." पुढे बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू चांगला बाहेर निघाल्याच्या आनंदात मी वाळू तशीच सोडून निघालो आणि मागून येणाऱ्या गटाने मला हाक मारून परत बोलावले. तिसरी चूक सर्वांत महागात पडली. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू झाडीत गेला, म्हणून मी काही न बोलता खिशातला दुसरा चेंडू मारला. नंतर मिनिटभरातच पहिला चेंडू सापडला, तेव्हा तोच खेळून होल पूर्ण केला आणि पुढच्या टीवरून खेळायला सुरुवात केली. शेवटी कार्ड देताना मी बाद झाल्याचे सांगण्यात आले. नियम समजावून सांगण्याइतका वेळ तेथे कोणापाशी नव्हता.

याशिवाय तेराव्या होलपासून कंबर इतकी धरली की शेवटचे पाच होल मी केवळ हातांनी खेळलो. कोणत्या क्रमाने काय शिकावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

हिरवळ जपणारा यांचे उत्तर:

उद्यमनगरकर साहेब, आपण चुका इतक्या स्पष्टपणे मांडल्यात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी गेली बावीस वर्षे खेळतो आहे. माझ्या मते आपण सुरुवात शिष्टाचारापासून करावी, कारण २०१९ साली नियमांची फेरमांडणी झाली तेव्हा पूर्वी स्वतंत्र प्रकरणात असलेला हा भाग थेट पहिल्याच नियमात आणला गेला. प्रामाणिकपणे खेळणे, इतरांचा विचार करणे आणि मैदानाची काळजी घेणे, या तीन अपेक्षा तेथे खेळाडूकडून ठेवल्या आहेत.

आपण कोल्हापूरचे असल्यामुळे एक गोष्ट आपल्या भाषेत सांगतो. तालमीत लढत संपली म्हणून पोर तसेच निघून जात नाही. हौद्यातील माती खोऱ्याने उकरून सारखी केल्याशिवाय वस्ताद त्याला घरी सोडत नाहीत, कारण पुढची जोड त्याच मातीत उतरणार असते. बंकरमधील दाताळ्याचे काम नेमके तेच आहे. बंकरमध्ये शिरताना चेंडूच्या जवळच्या आणि कमी उंचीच्या कडेने उतरावे, बाहेर येतानाही त्याच वाटेने यावे आणि येता येता आपली पावले व फटक्याचा खड्डा दाताळ्याने सारखा करावा. असे केले तर अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागत नाही.

ग्रीनवरील रेषेविषयी थोडे अधिक सांगतो. दुसऱ्याचा चेंडू आणि होल यांना जोडणारी वाट मनात आखून घ्यावी आणि तिच्यावर पाऊल पडू देऊ नये. ग्रीनवरचे गवत काही मिलिमीटर उंचीवर कापलेले असते, त्यामुळे बुटाचा ठसा काही काळ तसाच राहतो आणि हळू जाणारा चेंडू तेवढ्याने वळू शकतो. होलच्या पलीकडेही दोन-तीन फूट वाट मोकळी ठेवावी, कारण पुढे गेलेला चेंडू तेथूनच परत मारायचा असतो. समोरचा पट करत, म्हणजे पटरने चेंडू होलकडे ढकलत, असताना त्याच्या रेषेच्या मागे, म्हणजे त्याच्या नजरेच्या टप्प्यात, उभे राहू नये आणि दुपारनंतर आपली सावली होलवर पडत नाही ना, हेही पाहावे.

चेंडू उंचावरून पडल्याने ग्रीनवर जो खळगा होतो, तो दुरुस्त करण्याची पद्धत मात्र बहुतेकांना चुकीची शिकवली जाते. दुरुस्तीचा छोटा काटा खळग्यात खुपसून माती खालून वर उचलली तर गवताची मुळे तुटतात आणि तेथे तपकिरी डाग पडतो. काटा खळग्याच्या कडेबाहेर रोवावा, कडेचे गवत चारही बाजूंनी मध्याकडे ढकलावे आणि मग पटरच्या तळाने हलके दाबावे. मी स्वतः माझ्या खळग्याबरोबर शेजारचा एखादा जुना खळगाही बुजवतो. फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधील कापलेल्या गवतावर, फटक्याने निघालेल्या ढेपेविषयी मैदानागणिक वेगळी पद्धत असते. आपल्याकडच्या बर्म्युडा गवतात उखडलेली ढेप परत बसवली तरी ती सहसा जगत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी कॅडीजवळची (काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाजवळची) वाळू खळग्यात भरायची असते. तरीही पहिल्या टीवरच विचारून घ्यावे.

आणि चेंडू कोणाच्याही दिशेने जातो आहे असे वाटले तर लाज न बाळगता मोठ्याने "फोर!" असे ओरडावे. समोरच्याला इजा झाल्यावर मागितलेल्या माफीचा उपयोग नसतो.

राजारामपुरीची खेळाडू यांचे उत्तर:

दादा, आपण बाद का झालात ते आधी सांगते, कारण हा नियम एकदा समजला की आयुष्यभर विसरत नाही.

चेंडू हरवला असेल किंवा हद्दीबाहेर गेला असेल असे वाटले, तर वेळ वाचवण्यासाठी त्याच जागेवरून प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता चेंडू मारता येतो. मात्र तो मारण्याआधी आपण तात्पुरता चेंडू मारत आहोत हे स्पष्टपणे सांगावे लागते. "मी दुसरा मारतो" किंवा "आणखी एक मारतो" एवढे पुरत नाही. आपण काहीच न बोलता मारलात, त्यामुळे तो दुसरा चेंडू एका फटक्याच्या दंडासह खेळातला चेंडू ठरला आणि पहिला त्याच क्षणी बाद झाला. नंतर तो सापडला तरी त्याला अर्थ उरला नव्हता. तो खेळल्यामुळे चुकीचा चेंडू खेळल्याचे दोन फटक्यांचे दंड लागले, आणि पुढच्या होलची सुरुवात करण्याआधी ती चूक सुधारली नाही म्हणून स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळल्या जाणाऱ्या प्रकारात, खेळाडू बाद होतो. आपण "प्रोव्हिजनल" हा एक शब्द उच्चारला असता, तर मिनिटभरात सापडलेला पहिला चेंडू कोणत्याही दंडाशिवाय आपला राहिला असता. किंबहुना तोच खेळणे आपल्याला बंधनकारक झाले असते. शोधण्यासाठी मिळणारा वेळ २०१९ पासून पाच मिनिटांऐवजी तीन मिनिटे झाला आहे आणि तो शोध सुरू केल्यापासून मोजला जातो. दोन्ही चेंडूंवर वेगवेगळी खूण करण्याचीही सवय लावून घ्या, कारण एकाच कंपनीचे आणि एकाच क्रमांकाचे दोन चेंडू झाडीत ओळखता येत नाहीत.

बंकरविषयी हिरवळ जपणारा काकांनी लिहिले आहेच. त्यात एवढीच भर घालते की आता वाळूतील सुटे पान किंवा खडा चेंडू न हलवता उचलता येतो. परंतु चेंडूच्या लगत मागे-पुढे काठी टेकवणे, सरावाच्या फटक्यात वाळूला स्पर्श करणे किंवा मागे झोका घेताना वाळू खरवडणे यांना दोन फटक्यांचे दंड आहेत. जाळीसमोर सराव करणाऱ्यांना चेंडूमागे काठी टेकवण्याची सवय असते, म्हणून हे आवर्जून लिहिले.

ग्रीनवर चेंडू किंवा त्याची जागा दाखवणारी खूण चुकून हलली तर दंड नाही, फक्त मूळ जागी ठेवायची. झेंडा होलमध्येच ठेवून पट केला तरी चालते. बुटांचे ठसेही आता दुरुस्त करता येतात, पूर्वी ती मुभा नव्हती. सोबत्याला मात्र "तुम्ही कोणती काठी मारली?" असे विचारू नका. ते सल्ला मागणे ठरते आणि त्याला दोन फटक्यांचे दंड आहेत; अंतर विचारायला हरकत नाही.

वेगाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांच्या आत फटका मारावा, अशी शिफारस नियमांतच आहे. स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल आणि ज्याच्यामुळे कोणाला धोका नसेल, त्याने आधी मारावे यालाही प्रोत्साहन आहे. दुसरा खेळत असताना आपले अंतर, काठी आणि रेषा ठरवून ठेवणारा नवशिक्या मला कोणत्याही गटात चालतो. चाळीस मीटरवरून पाच वेळा सराव-झोके घेणारा अनुभवी खेळाडू मात्र मागच्या तीन गटांचा दिवस खराब करतो.

तालीम ते टी यांचे उत्तर:

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लहानपणी तालमीत घाम गाळला आहे, म्हणून कमरेच्या प्रश्नाला उत्तर देतो. आपल्या लिहिण्यातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. एक म्हणजे सिमेंटच्या कट्ट्यावरची मॅट, आणि दुसरी म्हणजे पुण्या-बेळगावपर्यंतचा गाडीचा प्रवास. गाडीत काही तास बसून आखडलेले खुबे घेऊन आपण थेट पहिल्या टीवर जात असाल, तर तेराव्या होलला कंबर धरणे स्वाभाविक आहे.

कमरेचे मणके वाकण्यासाठी चांगले असतात, पण पिळण्यासाठी त्यांच्यात फार थोडी जागा असते. गोल्फच्या फटक्यातील वळण मुख्यतः खुब्यांतून आणि पाठीच्या वरच्या भागातून यायला हवे. ते दोन्ही आखडलेले असले की सगळा पीळ कमरेवर येतो. घरी एक तपासणी करून पाहा. खुर्चीवर ताठ बसा, गुडघ्यांत उशी दाबून धरा, एक काठी छातीवर आडवी धरून हात तिच्यावर फुलीसारखे ठेवा आणि गुडघे न हलवता दोन्हीकडे वळा. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश वळता आले तर ठीक आहे. एका बाजूला कमी भरले, तर तोच व्यायाम रोज दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा सावकाश करावा. खुब्यांसाठी उताणे झोपून, गुडघे वाकवून, पावले खांद्यांहून रुंद ठेवून दोन्ही गुडघे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे टेकवावेत.

आपल्या तालमीतील बैठका या खेळाला फार उपयोगी आहेत. पंधरा-वीस सावकाश बैठकांनी मांड्या आणि कुल्ले तयार होतात आणि पायी फेरीत जे आठ-दहा किलोमीटर चालावे लागते ते अंगावर येत नाही. हलका मुद्गल डोक्यामागून सावकाश फिरवल्याने खांदे मोकळे होतात. जोर मात्र सध्या मारू नका, कारण त्यातील शेवटची कमान दुखऱ्या कमरेवर ताण देते. त्याऐवजी हात-गुडघे टेकून ओणवे होऊन एक हात समोर आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ करून पाच श्वास धरावेत. वेदना पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर हे सर्व थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

मॅटखालच्या सिमेंटचा धक्का थेट कोपरात जातो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखण्याचा जो विकार गोल्फच्या नावानेच ओळखला जातो, तो अशा सरावाने लवकर जडतो. मॅटखाली जाड रबर घालावे आणि शक्य असेल तेव्हा चेंडू छोट्या टीवर ठेवून मारावा.

हिरवळ जपणारा यांचे उत्तर:

फिजिओ साहेबांशी सहमत आहे. जोरांविषयीची सूचना माझ्याही उपयोगाची आहे, कारण मी अजून रोज पंचवीस मारतो.

एक गोष्ट राहून गेली. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या भागात दुपारनंतर वळीव येतो. वीज कडाडू लागली तर आयोजकांच्या भोंग्याची वाट पाहू नका. विजेचा धोका आहे असे रास्तपणे वाटल्यास स्वतःहून खेळ थांबवण्याची मुभा नियम देतो. चेंडूच्या जागी खूण करावी, लगेच आयोजकांना कळवावे आणि झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे.

उद्यमनगरकर यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. ताई, बाद होण्याचे कारण एवढे नेमके मला प्रथमच समजले. मी दोन्ही चेंडूंवर लाल आणि निळ्या शाईने खुणा करून ठेवल्या आहेत. फिजिओ साहेब, खुर्चीवरची तपासणी काल रात्री केली. उजवीकडे बऱ्यापैकी वळता येते, परंतु डावीकडे अर्ध्यातच अडकतो. मॅटखाली घालण्यासाठी शॉपमधील जुन्या कन्व्हेयर बेल्टचे दोन थर कापून घेतले आहेत आणि पहिल्याच संध्याकाळी मनगटाला बसणारा धक्का कमी झाल्याचे जाणवले.

काका, शेतातील ओल्या मातीत चेंडू वरून टाकून खळगा पाडला आणि आपण सांगितले तसे कडेकडून मध्याकडे ढकलून बुजवून पाहिले. सुरुवातीला हात आपोआप खालून उचलायलाच जात होता. आठव्या-नवव्या वेळी जमले. पुढच्या रविवारी बेळगावला जाणार आहे. या वेळी तासभर आधी पोहोचून अंग मोकळे करीन. त्या दिवशीचे ज्येष्ठ खेळाडूही येणार असल्याचे कळले आहे, त्यांच्याच गटात नाव घालण्याची विनंती मी केली आहे.