आजीचं पांढरं सुती पातळ चहाने रंगवायचं आहे, सल्ला हवा (ऐरोली)

ऐरोलीकरीण
नमस्कार मंडळी. आजीचं एक पांढरं सुती नऊवारी माझ्याकडे आहे. आजीला जाऊन चार वर्षं झाली. धुऊन धुऊन पातळ अगदी मऊ पडलंय, पण विरलेलं कुठेच नाही. फक्त कपाटात राहून घडीवर पिवळट डाग आलेत. त्याचे दोन कुर्ते शिवायचे आहेत, एक मला, एक लेकीला. रंग बदामी हवाय. पुडीतला रंग या कापडाला लावायला माझा हात धजत नाही.

गेल्या रविवारी एका जुन्या सुती नॅपकिनवर करून पाहिलं. दिवसभराचा चहाचा चोथा उकळला, त्यात मीठ आणि चमचाभर व्हिनेगर घातलं आणि नॅपकिन तासभर बुडवून ठेवला. ओला होता तेव्हा रंग सुरेख दिसत होता. वाळल्यावर बघते तर ढग आल्यासारखे डाग आणि दुधाचा आंबूस वास. दोन धुण्यांत निम्मा रंग गेला. पातळाचं असं झालं तर दुसरं कुठून आणू?

रंग पक्का कसा करायचा? चहाशिवाय आणखी काय चालेल? सामान ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे मिळेल? आणि आधी शिवायचं की आधी रंगवायचं?

निवांत नेरूळ
कांद्याची सालं वापरून बघा. तुरटी लावलेल्या कापडावर सोनेरी पिवळा रंग येतो. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गोणींच्या खाली सालांचा खच पडलेला असतो. विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, मी दोन पिशव्या भरून आणल्या होत्या. सालं वजनाला इतकी हलकी की कुर्त्याला पुरतील एवढी घरी साठवायला महिने जातात.

माजघर
हळद का नको? घरात असतेच, रंगही लगेच चढतो.

सुईदोरा (नौपाडा)
माजघर, हळद चढते लगेच आणि उतरतेही लगेच. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि उन्हात टाकला की उडून जातो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. हळदीने रंगवलेल्या अख्ख्या कुर्त्याचं तेच होणार. बीट आणि जास्वंद तर त्याहून कच्चे.

ऐरोलीकरीण ताई, तुमचं चुकलं ते चहात नाही, चहाच्या आधी. मी दहाएक वर्षं घरी कापड रंगवते आहे. सुती कापडावर झाडापानांचा रंग टिकतो की नाही, ते कापड रंगात जाण्याआधीच ठरलेलं असतं.

पहिलं म्हणजे चोथा. दुधातली प्रथिनं चहातलं टॅनिन, म्हणजे रंग देणारं तुरट द्रव्य, धरून ठेवतात, मग कापडाच्या वाट्याला येणार काय? शिवाय दुधाचे कण जिथे चिकटतात तिथे रंग वेगळा चढतो, तेच तुमचे ढग. कोरी चहा पावडर घ्या, साधी सुटी चालेल. मीठ-व्हिनेगरने चहाचा रंग सुतावर पक्का होत नाही.

आता पातळ. त्यात इतक्या वर्षांची खळ, साबण आणि अंगाचं तेल मुरलेलं आहे. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाणी, त्यात लिटरला लहान चमचाभर धुण्याचा सोडा, आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. पाण्याकडे लक्ष ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या कापडातूनसुद्धा पिवळं, फेसाळ पाणी निघतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वासच बसेना, कारण ते कापड आदल्याच दिवशी मशीनमधून धुऊन काढलं होतं. पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. घडीचे डागही यात बरेच फिके पडतील.

मग हिरडा. ही पायरी कोणी गाळू नये असं मला कळकळीने वाटतं. रेशमावर, लोकरीवर तुरटी सहज बसते, सुतावर तिला आधार लागतो, आणि तो हिरड्यातलं टॅनिन देतं. आंध्रात श्रीकालहस्तीचे कलमकारीवाले आजही कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. त्यांचं दूध रेषा फुटू नये म्हणून असतं, आपल्याला त्याची गरज नाही.

कोरडं कापड वजनकाट्यावर तोला. २०० ग्रॅम भरलं तर ४० ग्रॅम हिरडा पावडर कोमट पाण्यात कालवून, गाळून, कापड रात्रभर त्यात ठेवा. सकाळी नुसतं पिळा, धुऊ नका, सावलीत वाळवा. कापड पिवळसर मोतिया दिसेल. मग ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात चार-पाच तास ठेवा आणि एकदाच साध्या पाण्यातून काढा.

मग चहा, १०० ग्रॅम. वीस मिनिटं उकळून दुहेरी फडक्यातून गाळा, कण राहिले तर ठिपके पडतात. कापड ओलं करूनच आत सोडा, आणि तासभर मंद आचेवर हलवत राहा. वर तरंगलेला भाग फिका राहतो. गॅस बंद केल्यावर रात्रभर त्यातच निवू द्या.

जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) किंवा लोखंडी भांडं नको, धातू रंगात उतरतो. आणि जे पातेलं वापराल ते परत स्वयंपाकाला घेऊ नका.

हिरडा मी जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधीवाल्याकडून घेते, तुरटी किराण्यात मिळते.

खाडीकाठ (घोडबंदर रोड)
सुईदोरा यांना +१. पाण्याचं माझ्याकडून सांगते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. एका खेपेला त्याच पाण्यात डाळिंबाच्या सालीचा रंग केला, तर पिवळ्याऐवजी मळकट शेवाळी आला. पाण्यात लोह असलं की टॅनिनचे रंग काळवंडतात. तेव्हापासून नळाचं पाणी साठवून ठेवते आणि आधी चिंधीवर करून बघते.

बदामीहून गडद चालणार असेल तर काथ बघा, विड्यात घालतो तोच. पानाचा डाग पांढऱ्या सदऱ्यावर पडला की काय होतं ते सांगायला नको. काथ चहापेक्षा जास्त टिकतो आणि उरलेसुरले डागही झाकतो.

निवांत नेरूळ
करडा रंग आवडत असेल तर चहानंतर हिराकसच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यात एक बुचकळा. मिनिटभरात बदामीचा राखाडी होतो, बघत राहावंसं वाटतं.

सुईदोरा (नौपाडा)
होतो खरा, पण आजीच्या पातळाला नको. लोहाने सूत हळूहळू कमजोर होतं, आणि हे कापड आधीच जुनं आहे. नव्या मांजरपाटावर खुशाल करा, तेही कापडाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत. २०० ग्रॅमला ४ ग्रॅम खूप झालं.

शिवणकामाचं राहिलंच. आधी रंगवा, मग शिवा. शिंप्याचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, त्याला यातला कुठलाच रंग चढत नाही. बदामी कुर्त्यावर पांढरी टीप उठून दिसेल. शिवाय नऊवार एकसंध पातेल्यात मावणारही नाही. कुर्त्यांपुरतं कापड आधी फाडून घ्या आणि सगळे तुकडे एकाच घाण्यात रंगवा. दुसऱ्या घाण्याचा रंग पहिल्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही.

ऐरोलीकरीण
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा. पावसामुळे वाळवायलाच दोन-दोन दिवस लागत होते.

पातळाच्या कडेची वीतभर पट्टी फाडून तिचे चार तुकडे केले. एक नुसता चहात, एक हिरडा-तुरटी करून चहात, एक काथात, एक कांद्याच्या सालीत. प्रत्येकाचा निम्मा भाग कापून ठेवला आणि उरलेला पाच वेळा धुतला. नुसत्या चहाचा धुतलेला तुकडा जवळजवळ पांढरा. हिरडा-तुरटीचा धुतलेला तुकडा त्याच्याच न धुतलेल्या भागाशेजारी ठेवला तर फरक शोधावा लागतो.

सोड्याच्या पाण्याबद्दल वाचूनसुद्धा मी दचकलेच. पिवळं पाणी निघालं आणि वाफेला आजीच्या ट्रंकेचा वास आला, डांबर गोळ्यांचा. थोडा वेळ गॅसपाशी तशीच उभी राहिले.

काल दोन्ही कुर्त्यांचं कापड चहातून काढलं. भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखा रंग आलाय. घडीचा एक डाग अजून दिसतो, काखेत जाईल असं बघून बेतणार आहे. लेकीला कांद्याचा पिवळा जास्त आवडला, म्हणून पदराकडचा उरलेला तुकडा तिच्या ओढणीसाठी ठेवलाय. सुईदोरा ताई, मनापासून आभार. धुवायला काय वापरू?

सुईदोरा (नौपाडा)
किती छान! रिठ्याचं पाणी, नाहीतर सौम्य द्रव साबण. भिजत घालू नका, हाताने पटकन धुवा, उलटा करून सावलीत वाळवा. शिंप्याकडे जाताना सुती दोऱ्याचं रीळ स्वतः घेऊन जा. आणि तो पहिला नॅपकिन टाकू नका, हिराकसचा बुचकळा त्याच्यावरच करून बघा.