पीएम किसानच्या अपात्र यादीत वडिलांचं नाव, १८ हजारांच्या वसुलीची नोटीस आलीय, उत्तर कसं द्यायचं?

बांधावरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. गुरुवारी कोतवाल घरी येऊन वडिलांच्या हातात तहसीलची नोटीस देऊन गेला, सही पण घेऊन गेला. त्यात लिहिलंय की तुम्ही आयकर भरत असताना पीएम किसानचा लाभ घेतला, ९ हप्त्यांचे १८००० रुपये सात दिवसांत शासनजमा करा नाहीतर जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करू आणि फसवणुकीची कारवाई पण करू. वडील ६६ वर्षांचे, साखर कारखान्यात फिटर होते, २०१९ ला रिटायर झाले, पेन्शन महिन्याला तीन हजारसुद्धा नाही. जमीन १ हेक्टर २० आर, वडिलोपार्जित, एकट्याच्या नावावर. आयुष्यात कधी कुणाचा रुपया बुडवला नाही त्या माणसाने आणि आता 'फसवणूक' हा शब्द वाचल्यापासून दोन दिवस नीट जेवले नाहीत, गावात काय तोंड दाखवू म्हणतात.
आता खरं काय ते सांगतो. रिटायर झाले त्या वर्षी कारखान्याने थकलेल्या पगाराचा फरक एकदम दिला, त्यामुळे २०१९-२० चं उत्पन्न ५ लाख ७ हजार झालं आणि ११८५६ रुपये टॅक्स भरला. बाकी सगळ्या वर्षी टॅक्स शून्य, रिटर्न फक्त एफडीवर बँकेने कापलेला टीडीएस परत मिळवायला भरलेत. फॉर्म २०१९ ला चावडीवर सगळ्यांबरोबर भरला होता. पुढे हप्ते येत गेले, कुणी काही विचारलं नाही, २०२१ च्या ऑगस्टनंतर आपोआप बंद झाले. चुलता म्हणतो गपगुमान पैसे भरून टाक, मित्र म्हणतो दुर्लक्ष कर. मला काहीच सुचेना. सातबाऱ्यावर बोजा (थकबाकीची नोंद) चढवतील का?

निवृत्त_सर्कल:
मी महसुलात ३१ वर्षं काढली, शेवटी मंडळ अधिकारी होतो. पहिलं म्हणजे वडिलांना जेवायला बसवा. नोटीस म्हणजे शिक्षा नाही, ती तुम्हाला विचारलेला प्रश्न आहे, आणि प्रश्नाला मुदतीत लेखी उत्तर द्यायचं एवढंच आत्ताचं काम आहे. तोंडी बोलून येऊ नका. क्लार्क म्हणेल "बघतो साहेबांशी बोलून", त्याला कागदावर काही किंमत नसते. अर्ज बारनिशीत (कागद आवक करून घेतात त्या टेबलावर) द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. बारनिशीवाला घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती सांभाळा. सात दिवसांत कागद जमले नाहीत तर त्याच मुदतीत अर्ज देऊन पंधरा दिवस वाढवून मागा.
आता मुद्द्याचं. योजनेचा नियम 'रिटर्न भरणारा' असा नाही, मागच्या कर निर्धारण वर्षात (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, म्हणजे २०१९-२० च्या उत्पन्नाला २०२०-२१) आयकर 'भरलेला' असा आहे. बरेच लोक इथेच अडकतात. २०२१ च्या सुरुवातीला माहिती अधिकारात जो आकडा बाहेर आला त्यात देशभर २० लाख ४८ हजार अपात्र लाभार्थी आणि १३६४ कोटी रुपये होते, त्यात निम्म्याहून जास्त आयकरवाले. याद्या आधार आणि पॅन जुळवून वरून येतात, तहसीलला फक्त नाव आणि रक्कम मिळते, माणसाची हकीकत मिळत नाही. ती तुम्हीच द्यायची.
म्हणून उत्तरात लपवू काही नका. कर निर्धारण वर्ष २०२०-२१ ला ११८५६ भरले हे स्वतःहून लिहा, कारण लिहा, कारखान्याचं पत्र जोडा. बाकीच्या प्रत्येक वर्षाचा आयटीआर (रिटर्न), त्याचं कॉम्प्युटेशन (कराचा हिशोब) आणि २६एएस (कापलेल्या आणि भरलेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा) जोडा म्हणजे कर शून्य होता आणि टीडीएस परत आला हे दिसेल. सोबत सातबारा, आठ अ, पासबुकाची हप्ते दिसणारी पानं आणि पेन्शनचा कागद. पेन्शनची अट १० हजारांची आहे, तुम्ही त्याच्या कितीतरी खाली आहात, पण तो मुद्दा नोटिशीत नसला तरी कागद लावून ठेवा. मग स्पष्ट मागणी करा की ९ च्या ९ हप्ते अपात्र कसे धरले त्याचा वर्षनिहाय तपशील द्या, ज्या वर्षाच्या करामुळे जे हप्ते अपात्र ठरतात तेवढे भरायला तयार आहोत आणि आम्हाला समक्ष सुनावणी द्यावी. ते मान्य करायचं की नाही हे तहसीलदार ठरवतील, पण कागदावर मागणी असली तर नाकारताना कारण लिहावं लागतं.
बोजा एका दिवसात चढत नाही. आणि आदेश महसूल संहितेखाली झाला आणि पटला नाही तर कलम २४७ खाली प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील आहे, ६० दिवसांत.

काळी_आई_७२:
एवढं लांबण कशाला लावता. आमच्या गावात २०२० ला चाळीस जणांना नोटिसा आल्या, निम्म्यांनी भरल्याच नाहीत, काही झालं नाही. फाईल बंद. उगाच स्वतःहून कबूल करून अडकू नका.

निवृत्त_सर्कल:
दादा, फाईल बंद झाली हे तुम्हाला कुणी सांगितलं? महसुलात फाईल बंद होत नाही, ती रॅकवर पडून राहते. आणि उद्या वडिलांच्या पश्चात वारस नोंदीला गेलात, किंवा पीक कर्जाला, तेव्हा एखादा नवीन साहेब ती काढतो आणि त्या वेळी ही सगळी हकीकत सांगायला माणूस नसतो. मी हे स्वतः बघितलंय, बाई नवऱ्याचा फेरफार घालायला आली होती आणि तिला माहितही नव्हतं की घरात अशी नोटीस आलेली. तिच्या हातात एक कागद नव्हता. त्यामुळे गप्प बसायचा सल्ला कृपा करून देऊ नका.

लेक_माहेरची:
आमच्याकडे वेगळं प्रकरण होतं पण उपयोग होईल म्हणून लिहिते. आई आणि बाबा दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन, दोघांचेही फॉर्म भरले गेले होते. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं, एका कुटुंबाला वर्षाला ६००० एवढंच. हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं, सेवा केंद्रवाल्याने दोन फॉर्म भरले आणि दोघांचे पैसे घेतले. नोटीस आल्यावर चूक आमचीच दिसत होती म्हणून आईचे सगळे हप्ते आम्ही परत केले. भरताना पावतीवर नाव, आधार, कुठले हप्ते हे सगळं तपासून घ्या आणि भरणा केल्याची प्रत तहसीलला अर्जासोबत लावा, नाहीतर पैसे जातात पण यादीत थकबाकी तशीच दिसते. आमची तशीच दिसत होती, आठ महिन्यांनी दुसरी नोटीस आली, पावती होती म्हणून एका फेरीत मिटलं. बांधावरचा_पोरगा, तुमच्या आईच्या नावाने कुठे नोंदणी नाही ना हे आधी बघून घ्या.
आणि एक, आईकडून तहसीलमधे एक छापील कबुलीपत्र सही करून घेत होते, त्यात 'जाणीवपूर्वक खोटी माहिती दिली' असं वाक्य होतं. मी ते खोडायला लावलं आणि 'नियमाची माहिती नसल्याने' असं हाताने लिहिलं. वडिलांना एकटं पाठवू नका, वाचल्याशिवाय कशावर अंगठा सही नको.

कोर्टाची_पायरी:
ताईंनी लिहिलेलं ते वाक्य फार महत्त्वाचं आहे. वकिली करतो म्हणून सांगतो, फसवणुकीचा गुन्हा व्हायला मुळात फसवायचा हेतू लागतो, पैसे जास्त मिळाले एवढ्याने होत नाही. तमिळनाडूत २०२० ला खरा घोटाळा झाला, शेतकरी नसलेल्यांची लाखांनी नावं घुसवली, ११० कोटींच्या आसपास रक्कम, तिथे कंत्राटी कर्मचारी आणि एजंटांना अटक झाली. चावडीवर सगळ्यांसमोर फॉर्म भरलेला फिटर त्या रांगेत बसत नाही. पण पोलिसांकडून फोन किंवा समन्स आलं तर मात्र इथे विचारत बसू नका, वकील घेऊनच जा. फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा, महिलांना आणि अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्या बऱ्याच जणांना उत्पन्नाची मर्यादा आहे.
२०१९ चा मूळ फॉर्म माहिती अधिकारात मागवा. त्यावर आयकराचा रकाना कुणाच्या अक्षरात भरलाय ते कळेल, आणि त्यावरची तारीख रिटर्नच्या कागदांशी जुळवून फॉर्म भरला तेव्हा वडील कर भरत नव्हते हे दाखवता येईल.

रानवाटा:
अजून एक, या नोटिसांचा फायदा घेऊन 'पीएम किसान वसुली थांबवा' म्हणून फोन येतात, व्हॉट्सॅपवर एपीके फाईल (उघडली की मोबाईलमधे ॲप बसवणारी) पाठवतात. माझ्या मामाने ती उघडली आणि खात्यातून कांद्याच्या पट्टीचे सगळे पैसे गेले. ओटीपी कुणालाच देऊ नका.

बांधावरचा_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सर्कल काका तुमचे. आईच्या नावाने नोंदणी नाही, तपासलं. सोमवारी मी आणि वडील दोघं गेलो, सोबत सीएकडून काढलेले पाच वर्षांचे कागद, एकूण २३ पानं. बारनिशीवाल्याने आधी "साहेब मीटिंगला गेलेत, नंतर या" म्हणून पाठवलं, आम्ही बाकावर बसून राहिलो, जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने शिक्का मारून दिला. मुदत संपायच्या तीन दिवस आधी. नायब तहसीलदारांनी पानं चाळली आणि सुनावणीची तारीख पुढच्या महिन्याची १२ दिली. माहिती अधिकाराचा अर्ज पण तिथेच दिला, दहा रुपयांचं तिकीट लावून.
येताना वडील एसटीत म्हणाले त्या वर्षीचे सहा हजार द्यायचे असतील तर देऊन टाकू, पण फसवणूक हा शब्द त्या कागदावरून काढायला लावायचा. सुनावणीत काय होतंय ते इथेच लिहितो.