मॉन्टेवर्दी: पाचव्या पुस्तकात मधेच हार्पसिकॉर्ड कुठून आलं?

रात्रपाळी: मॉन्टेवर्दी या इटालियन संगीतकाराची मॅड्रिगल्स (कवितांना चाल लावून केलेली अनेक आवाजांची गाणी) ओळीने ऐकतोय. चौथं पुस्तक (१६०३) म्हणजे नुसते पाच आवाज, काय सुंदर! मग पाचवं (१६०५) लावलं तर शेवटी शेवटी हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं कीबोर्ड वाद्य) वाजतंय. ही रेकॉर्डिंगवाल्यांची हौस का?

खर्ज_सप्तक: नाही हो, त्यानेच लिहिलंय. बासो कंटिन्युओ म्हणतात त्याला, म्हणजे खालचा एक सूर छापलेला असतो आणि वरचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवणारा तिथल्या तिथे भरतो. पाचव्यातल्या शेवटच्या सहा गाण्यांना ते लागतंच, बाकीच्यांना ऐच्छिक. फायदा असा की खाली आधार मिळाल्यावर एकदोन गायक पण मोकळेपणी गाऊ शकतात, पाचही जणांनी सतत गायला पाहिजे असं राहत नाही. आणि त्याच्याही आधी इटलीतल्या फेराराच्या दरबारात गायिका कीबोर्डच्या साथीने गायच्या, तिथला संगीतकार लुझास्की याने त्यांच्यासाठी केलेली गाणी १६०१ ला छापून आली, तिथला ड्यूक मेल्यावर! तो जिवंत असेपर्यंत ती दरबाराबाहेर जाऊच दिली नाहीत.

कोमल_ग: मॉन्टेवर्दीच्या पाचव्या पुस्तकातलं पहिलं 'क्रूदा आमारिल्ली' नीट ऐका. 'आही लास्सो' या शब्दांवर सोप्रानो (सगळ्यात वरचा आवाज) कसलीही तयारी न करता सरळ विसंवादी सुरावर येते. आर्तूझी नावाच्या संगीत-टीकाकाराने १६०० मधेच, म्हणजे छापायच्या आधीच, यावरून झोडपलं होतं. माझ्या मते तेच पुस्तकातलं सगळ्यात भारी गाणं.

रात्रपाळी: आत्ता ऐकलं, अंगावर काटा. त्याच काळातला दुसरा इटालियन संगीतकार गेसुआल्दो पण असाच का?

कोमल_ग: त्याहून विचित्र. 'मोरो लास्सो' (१६११) लावा, पण कंटिन्युओ शोधू नका, तिथे नुसते पाच आवाजच.