मदत हवी आहे: अमलापुरमला (गोदावरीचं खोरं, आंध्र) दमेकरी वडिलांना कुठल्या महिन्यात आणावं?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे जूनपासून आम्ही अमलापुरमला आहोत. नाशिकला रामकुंडात पाय बुडवले ती गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून इथे समुद्राला मिळते. एका अंगाला गौतमी, दुसऱ्या अंगाला वसिष्ठा, मध्ये कालवे, भात आणि नारळच नारळ. या सगळ्या पट्ट्याला कोनसीमा म्हणतात.

बाबा ७१ वर्षांचे, दमा जुना. त्यांना दोनेक महिने इथे आणायचंय. ऑक्टोबरात मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "या हो, कारखाने नाहीत, समुद्र जवळ, हवा एकदम स्वच्छ." आता डिसेंबर लागलाय आणि माझंच नाक चुरचुरतंय.

आलो तेव्हा उकाड्याने जीव गेला होता. शेजारच्या मामी म्हणाल्या, "हे काहीच नाही, रोहिणीत दगडी उखळं तडकतात." आपलंच रोहिणी नक्षत्र, पण इथे ते मे महिन्याच्या झळांसाठी ओळखलं जातं. मग पाऊस आला. हवा धुऊन निघाली खरी, पण कपाटातल्या चपलांना हिरवी बुरशी आणि उशांना कुबट वास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे पाऊस उरकलेला असतो, इथे तेव्हा वादळांची धास्ती. १९९६ च्या ६ नोव्हेंबरच्या चक्रीवादळाबद्दल मामी अजून आवाज खाली आणून बोलतात.

आणि आता धूर. पावसाळी भाताची, म्हणजे इथल्या भाषेत 'सार्वा'ची कापणी झाली. ज्या शेतात यंत्र फिरतं तिथे धसकटं आणि पेंढा विखरून राहतो. पुढच्या 'दाळवा' पिकासाठी रान लवकर मोकळं हवं, म्हणून काडी लावतात. परवा संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळी तुसं पडली होती. झटकायला गेले तर बोटाखाली काजळासारखी पसरली. समोर धुराचा थर माडांच्या कमरेएवढ्या उंचीवर आडवा पसरलेला, वर शेंडे मात्र अगदी स्वच्छ दिसत होते. त्यात सकाळी आसपासच्या घरांत झावळ्या आणि सोडणं जाळून पाणी तापवतात, त्याचा धूर वेगळा.

गंमत म्हणजे मोबाइलवरचं अ‍ॅप सांगतं, एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) ६८, 'समाधानकारक'! वैतागून एक छोटा मीटर मागवला. त्यावर पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, दुपारी ३५, रात्री नऊला १४०, आणि पहाटे साडेपाचला धुक्यात थेट २१०. मग रात्री जास्त वाईट की पहाटे? बाबांना पहाटे फिरायची सवय आहे, म्हणून हे फार महत्त्वाचं आहे.

तर विचारायचं एवढंच: अ‍ॅप खरं, मीटर खरा की माझं नाक? आणि बाबांना कधी आणू? इथे किंवा अशा दुसऱ्या खाडी-कालव्यांच्या गावात राहिलेल्या कुणीतरी सांगा.

— गौतमीकाठ


खारावारा: मी काकीनाड्यात सहा वर्षं काढली. तुमचं नाक खरं! अ‍ॅपमध्ये आकड्यावर बोट ठेवून केंद्राचं नाव पाहा, बहुधा राजमहेंद्रवरम असेल. म्हणजे दुसऱ्या गावाची हवा. नाहीतर उपग्रह आणि गणितावरून काढलेला अंदाज.

दुसरं, आपल्याकडच्या एक्यूआयमध्ये धुलिकणांसाठी २४ तासांची सरासरी धरतात. तुमच्याकडे रात्री तीन तास धूर आणि दुपारी छान वारा. सरासरीत ते तीन तास विरघळून जातात, दमेकऱ्याच्या छातीत विरघळत नाहीत. पीएम २.५ ची २४ तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. त्यामुळे 'समाधानकारक' या शब्दावर फार विसंबू नका.

धूर माडाच्या कमरेला का थांबतो? थंडीत सूर्य मावळला की जमीन भराभर गार होते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड, वरची त्यामानाने उबदार. खालची हवा वर चढत नाही, झाकण बसल्यासारखं होतं. सकाळी नऊ-दहाला ऊन तापलं की झाकण उघडतं.


मोजपट्टी: पहाटेच्या २१० वर भरवसा ठेवू नका. हे छोटे मीटर लेझरच्या उजेडात कण मोजतात. कण धुराचा की धुक्याचा थेंब, हे त्यांना कळत नाही. शिवाय दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा फुगतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की मी माझ्या मीटरकडे बघतच नाही.

एक करून पाहा. पहाटे मीटर बाहेर ठेवा, मग बंद, कोरड्या खोलीत आणा. धुकं घरात टिकत नाही, धूर शिरतो आणि टिकतो. आत आकडा धाडकन उतरला तर बाहेर बरंचसं पाणी होतं.


सुईदोरा: घरात डासांची कॉइल लावता का? कालव्याकाठचं गाव म्हणून विचारते. आमच्या सासऱ्यांचा खोकला पराळीमुळे आहे म्हणून आम्ही महिनाभर शेतकऱ्यांना बोल लावत होतो!


खारावारा: @सुईदोरा, शंभर टक्के. आणि गौतमीकाठ, जुलै-ऑगस्टचा विचार असेल तर तोही सोडा. बुरशी आणि ओल दम्याला धुराइतकीच छळते. शिवाय पूर. गोदावरीवरच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यावर १० लाख क्युसेकला (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) पहिला इशारा देतात, १७ लाखांना तिसरा. जुलै २०२२ मध्ये २५ लाखांच्या पुढे गेलं होतं. नदीतली लंका-गावं पाण्यात होती. अशा दिवसांत वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?

माझं मत फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पेटवतात त्या भोगीच्या होळ्या आणि जानेवारीतलं धुकं मागे पडलेलं, सार्वाचा पेंढा संपलेला, दाळवा अजून हिरवं उभं, दुपारनंतर समुद्रावरचा वारा. दोन महिन्यांऐवजी सहा आठवडे आणा. फिरणं पहाटे नको, सकाळी नऊनंतर किंवा दुपारी चारला. तोंडाला ओला रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत, नीट बसणारा एन ९५ हवा. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून औषधांचा आराखडा लिहून घ्या, त्रास वाढला तर इनहेलर किती वेळा आणि दवाखाना कधी, हे स्पष्ट.


गौतमीकाठ: सगळ्यांचे आभार. आज पहाटे प्रयोग केला. बाहेर १९०, बंद खोलीत पंधरा मिनिटांनी ६०. म्हणजे पहाटेचं बरंचसं धुकंच होतं. पण रात्री नऊला बाहेर १३० आणि आत ९५! तो धूरच.

आणि सुईदोरा, काय सांगू. रात्री बैठकीत कॉइल लावली आणि मीटर शेजारी ठेवला. दहा मिनिटांत आकडा ४०० च्या वर. नवरा म्हणाला, मीटर बिघडला. कॉइल विझवून खिडकी उघडायला लागले तर बाहेर पेंढा जळतोय. शेवटी मच्छरदाणी काढली, लग्नात मिळालेली, आजवर माळ्यावर पडून होती.

बाबांचं तिकीट १८ फेब्रुवारीचं बघतेय. आता एकच सांगा, दाळवाची कापणी मार्चअखेरीस सुरू होते की एप्रिलमध्ये? परतीची तारीख त्यावर ठरवते.