मदत हवी आहे: वॉशिंग मशीनच्या रबरात काळा थर, वास जात नाही

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, सुदामानगरात. सहा वर्षांचं फ्रंट लोड मशीन आहे. काल दाराच्या रबराची घडी सहज उलटून पाहिली आणि अंगावर काटाच आला. काळपट, बुळबुळीत थर, त्यात सासऱ्यांच्या सदऱ्याचं बटण आणि केसांचं गुंतवळ! पावडरच्या कप्प्याखाली घट्ट पांढरी खरपुडी. काळ्या कुर्त्यांवर पांढरे पट्टे का येतात, ते आत्ता कळलं.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, एरवी बोरिंगचं. त्या पाण्याने चहाच्या पातेल्यालाही पांढरी कड धरते, तर मशीनच्या हीटरचं काय झालं असेल! चूक माझीही आहेच. फेस दिसला नाही की पावडर वाढवायची, वीज वाचवायला सगळं गार पाण्यात, आणि धुणं झालं की दार घट्ट बंद.

कप्पा गरम पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासला, तो निघाला. खालचा फिल्टर उघडला (परात लावली होती, तरी मोरीभर पाणी). रिकामं मशीन ६० अंशांवर फिरवलं. वास कमी झाला, गेला नाही.

आता क्षारांसाठी लिंबाचं सत्त्व टाकू का? किती? रबर खराब नाही ना होणार? काळ्या डागांना ब्लीच चालतं म्हणतात. दोन्ही एकत्र करायचं नाही, विषारी वायू होतो, हे माहीत आहे. मग मध्ये एक रिकामी फेरी पुरते का? दुरुस्तीवाला सरळ रबरच बदला म्हणतोय. बोरिंगचं पाणी वापरणाऱ्यांनी जरूर सांगा.